अधूनमधून अडखळणारे जुने इंजिन : दोष पकडण्याचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबईत पद्मिनी, पेट्रोल अँबेसेडर किंवा हेराल्ड यांसारखी जुनी गाडी अजून चालती ठेवणाऱ्या मालकांची एक तक्रार पुनःपुन्हा कानावर येते. गाडी दहा दिवस सुरळीत चालते, अकराव्या दिवशी माजिवड्याच्या पुलावर गचके देऊ लागते आणि गॅरेजात नेल्यावर जणू काही झालेच नव्हते अशी चालते. यानंतर जवळजवळ प्रत्येक जण हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर उघडतो, तो साफ करतो, नवे पॅकिंग टाकतो आणि गाडी आठवडाभर बरी चालल्यावर दोष सापडला असे समजतो. चूक नेमकी इथेच होते. अधूनमधून येणारा दोष आपोआप जातोही, म्हणून दुरुस्तीनंतर गाडी चार दिवस नीट चालली एवढ्यावरून दुरुस्ती योग्य जागी झाली असे ठरत नाही. आधी दोष घडताना पकडायचा, मग तो ठिणगीचा की पेट्रोलचा हे ठरवायचे आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा, हा क्रम मोडला की पुढचे सारे काम अंदाजाचे होते.

खालील टप्पे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा भाग) असलेला, प्लगना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर आणि इंजिनवर बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला एसी पंप, अशा रचनेच्या गाड्यांसाठी आहेत.

## तयारी

मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, फिलर गेज (फट मोजण्याच्या पट्ट्या), स्पार्क टेस्टर, चिमट्याची टायमिंग लाइट (वायरमधून वीज गेली की लुकलुकणारा दिवा), लहान आरसा, चिकटपट्टी आणि वही एवढे साहित्य पुरते. टायमिंग लाइट अनेकांना अनावश्यक खर्च वाटतो, परंतु या कामात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही साधनाचा होत नाही, आणि तो टायमिंग लावण्यासाठी नव्हे, हे पुढे तिसऱ्या टप्प्यात स्पष्ट होईल. याशिवाय एक कंडेन्सर आणि एक रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला वीज वाटणारा फिरता भाग) जवळ ठेवावा. मात्र हे दोन्ही भाग आपल्याच गाडीत आधी काही दिवस चालवून पाहिलेले असावेत. दुकानातून आणलेला कोरा भाग चांगलाच असतो असे नाही, आणि नवा कंडेन्सर पहिल्याच दिवशी बिघडलेला निघण्याचे प्रकार इतके घडतात की केवळ नव्या भागावर विसंबून निष्कर्ष काढू नये.

दोष सापडेपर्यंत गाडीचे पूर्ण ट्यूनिंग करून घेऊ नका. प्लग, पॉइंट, फिल्टर आणि वायर एकदम बदलल्यास दोष तात्पुरता दबतो, कोणत्या भागामुळे दबला हे कळत नाही आणि तपासता आला असता असा जुना भाग भंगारात गेलेला असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काढलेल्या प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची.

सावधानता. सोसायटीच्या तळघरातील किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर आणावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. अंगठी, घड्याळ आणि ओढणी पंख्यापासून दूर असावी. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून कोणतेही उपकरण जोडण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

## टप्पा 1 : नोंद ठेवणे

किमान चार-पाच वेळा दोष घडेपर्यंत फक्त नोंद करावी. इंजिन गार होते की तापलेले, सुरू करून किती मिनिटे झाली होती, टाकीत पेट्रोल किती होते, रस्ता चढाचा की सपाट, गाडी खड्ड्यात आदळली होती का, पाऊस होता का, आणि थांबून किती वेळाने गाडी पूर्ववत झाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आठवणीवर विसंबू नये, कारण मनात आधीच एखाद्या भागावर संशय असला की आठवणही त्याच भागाच्या बाजूने झुकते.

अडखळण्याची जात ओळखणे यापेक्षाही मोलाचे आहे. ठिणगीचा दोष बहुधा बटण दाबल्यासारखा येतो: इंजिन क्षणात तुटते, क्षणात पूर्ण जोराने परत येते, आणि तुटलेल्या काळात न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे फटाका वाजतो. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू दमते, अॅक्सिलरेटर दाबल्यावर आणखी खचते, पाय उचलल्यावर थोडे सावरते आणि कधी कधी कार्ब्युरेटरच्या तोंडातून फुसका बार काढते. हे संकेत पुरावा म्हणून नव्हे, तर पुढच्या टप्प्याची दिशा म्हणून घ्यावेत.

## टप्पा 2 : दोष मुद्दाम घडवणे

नोंदीतून जी परिस्थिती पुढे येते ती पुन्हा निर्माण करावी. यासाठी आपल्या परिसरात वेगवेगळ्या प्रकारचे रस्ते जवळजवळ आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. उपवनहून येऊरकडे जाणारा चढ किंवा घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट इंजिनवर सलग भार टाकतो. पेट्रोलचा पुरवठा अपुरा असेल तर तो इथे उघडा पडतो. पाम बीच रस्त्यावर मर्यादेतल्या एकसमान वेगाने बराच वेळ चालता येते, त्यामुळे टाकीत हवा घेणारे झाकणाचे छिद्र बुजले असल्यास गाडी तिथे दहा-पंधरा मिनिटांनी दमू लागते. मे महिन्यात घोडबंदरच्या कोंडीत अर्धा तास रांगत जाणे ही उष्णतेची कसोटी आहे, तर सेवारस्त्यावरचे खड्डे सैल जोडण्यांची.

तपासा. केवळ आदळल्यावर दोष येत असेल तर तुटकी वायर, सैल टर्मिनल आणि अर्थिंग (बॅटरीची बॉडीशी असलेली जोडणी) आधी पाहा. केवळ तापल्यावर येत असेल तर कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग), कंडेन्सर आणि पेट्रोलची वाफ हे तिन्ही संशयित राहतात, आणि त्यांच्यात लक्षणांवरून निवड करण्याचा प्रयत्न करू नका. तिघांमुळेही गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटांनी सुरू होते. उष्णतेच्या दोषात सर्वाधिक पैसा वाया जातो तो हा फरक न केल्यामुळे.

## टप्पा 3 : ठिणगी की पेट्रोल

या टप्प्यासाठी दोन माणसे लागतात. टायमिंग लाइटचा चिमटा कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी जाणाऱ्या जाड वायरवर लावावा, बॅटरीकडच्या वायरी आवश्यक तेवढ्या वाढवून लाइट बॉनेटच्या फटीतून आणि खिडकीतून आत घ्यावी, आणि सर्व वायरी पंखा व सायलेन्सरच्या नळीपासून दूर बांधून टाकाव्यात. बॉनेट खटक्यात नीट बसले आहे याची खात्री केल्याशिवाय गाडी हलवू नये. चालकाने फक्त रस्ता पाहावा. शेजारी बसलेल्याने लाइट पायांकडे वळवून तिची लुकलुक पाहावी.

गाडी अडखळताना लुकलुकही तुटली, तर दोष कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा त्यांना वीज देणाऱ्या वायरींमध्ये आहे. लुकलुक अखंड राहिली, तर चिमटा एकेका प्लगच्या वायरवर लावून तीच फेरी पुन्हा मारावी. मधल्या वायरवर अखंड आणि प्लगच्या वायरवर तुटक असे दिसल्यास डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर किंवा ती वायर दोषी असते. सर्व ठिकाणी अखंड दिसूनही गाडी अडखळत असेल तर लक्ष पेट्रोलकडे वळवावे. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी: काजळी धरलेल्या प्लगमधून वीज ठिणगी न पाडताच निसटते आणि लाइट तरीही लुकलुकते, म्हणून प्लग काढून पाहणे टाळता येत नाही.

लाइट उपलब्ध नसेल तर दोन साध्या चाचण्या कराव्यात. गाडी दमू लागताच चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) थोडा ओढावा. त्याने ती सावरली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. नंतर बाजूला थांबून टाकीचे झाकण उघडावे. आत हवा जोराने ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणाचे छिद्र बुजलेले आहे.

गाडी पूर्ण बंद पडलीच, तर सुरू करण्याची घाई करू नये, कारण पहिली पाच मिनिटे सर्वात मोलाची असतात. बाजूला घेऊन, मागे त्रिकोण लावून, स्पार्क टेस्टरमध्ये कॉइलची ठिणगी पाहावी. 5 ते 6 मिलिमीटरच्या फटीतून निळी, टणत्कार करणारी ठिणगी हवी. पिवळसर आणि मंद ठिणगी चालत नाही. त्यानंतर टेस्टर दूर ठेवून एअर क्लीनर काढावा, कार्ब्युरेटरच्या नळीत डोकावून थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने उघडावा आणि पेट्रोलची बारीक धार पडते का ते पाहावे. हे पाहताना इग्निशन बंद असावे आणि इंजिन फिरवू नये. धार पडली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे.

## टप्पा 4 : विजेची बाजू

1. बॅटरी आणि अर्थिंग. टर्मिनल हाताने हलत असतील तर तिथेच थांबून ती आवळावीत. स्टार्टर फिरत असताना इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचे अर्थिंगचे टोक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढून तिच्या दोन्ही बाजू पत्रा दिसेपर्यंत घासाव्यात. खाडीलगतच्या दमट, खारट हवेत या जोडण्यांखाली गंज लवकर धरतो, आणि पट्टी बाहेरून स्वच्छ दिसते.

2. कॉइलपर्यंत येणारी वीज. चावी चालू आणि पॉइंट मिटलेले असताना बॅटरी आणि कॉइलचे वीज येणारे टोक यांतील घट मोजावी. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारी वीज मर्यादित ठेवणारा रोधक) नसलेल्या गाडीत ती अर्ध्या व्होल्टच्या आत असावी. मोजताना सहकाऱ्याने इग्निशनची चावी हलकेच हलवावी आणि फ्यूजखालची वायर चाचपावी. आकडा उडाला तर दोष तिथेच आहे. पॉइंट मिटलेले असताना चावी एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नये, कॉइल तापते.

3. पॉइंट. प्रथम कॉइलचे दुसरे टोक आणि अर्थिंग यांच्यातील घट पॉइंट मिटलेले असताना मोजावी. पाव व्होल्टपेक्षा जास्त आल्यास पॉइंट मळलेले किंवा जळलेले आहेत. गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. बहुतेक चार सिलिंडरच्या जुन्या गाड्यांत तो 0.40 ते 0.50 मिलिमीटरच्या आसपास असतो. पॉलिशपेपरने घासून तसेच सोडून देणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्याचे कण मध्ये राहतात. बारीक कानशीने घासल्यावर स्वच्छ कोरा कागद मिटलेल्या पॉइंटमधून ओढून घ्यावा. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा ठिपकाच पुरे. जास्त झाल्यास ते उडून पॉइंटवर बसते. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा, आणि गॅप त्यासरशी बदलत असेल तर बुश झिजलेले आहेत. अशा गाडीत गॅप कितीही वेळा लावला तरी टिकत नाही.

4. डिस्ट्रिब्युटरच्या आतली लवचिक वायर. या एका वायरबद्दल मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण ती जवळजवळ कोणीच पाहत नाही. बाहेरचे टर्मिनल आणि हलणारी पॉइंटची पाटी यांना जोडणारी ही मऊ वायर वर्षानुवर्षे वाकत राहते आणि आवरणाच्या आत तुटते. आवरण शाबूत असल्याने डोळ्यांना काही दिसत नाही. वाघबीळच्या एका अँबेसेडरचा कार्ब्युरेटर अशाच दोषापायी तीन वेळा उघडला गेला होता, आणि दर वेळी गाडी काही दिवस सुधारत होती, कारण काम करताना डिस्ट्रिब्युटरला धक्का लागून तुटलेली टोके पुन्हा एकमेकांना टेकत होती. ती सुधारणा खरी होती, कारण मात्र वेगळेच होते. व्हॅक्युम अॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीने पाटी सरकवून ठिणगीची वेळ बदलणारी रचना) असलेल्या गाडीत त्याची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढावी आणि पाटी हलत असताना मल्टिमीटरवर या वायरची सलगता पाहावी. पाटी मागे-पुढे होताना वाचन तुटले तर वायर बदलावी. साधी घरगुती वायर वापरू नये, ती ताठ असल्याने महिन्याभरात पुन्हा तुटते. नळी ओढून जिभेने रोखल्यावर ओढ टिकली नाही, तर अॅडव्हान्सचा पडदा फाटला आहे हेही याच वेळी कळते.

5. कंडेन्सर आणि कॉइल. पॉइंट उघडताना त्यांच्यात जोराची ठिणगी उडत असेल आणि कॉइलची ठिणगी मंद असेल, तर कंडेन्सरवर पहिला संशय घ्यावा आणि जवळचा तपासलेला कंडेन्सर लावून पाहावा. कॉइलचा प्राथमिक रोध बॅलास्ट नसलेल्या 12 व्होल्टच्या गाडीत साधारण 3 ओहम आणि बॅलास्ट असलेल्या गाडीत साधारण दीड ओहम असतो. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्यातून वजा करावा. गार कॉइल मोजून ती चांगली ठरवणे निरुपयोगी आहे. गाडी बंद पडल्यावर, कॉइल हाताला चटका देत असतानाच मोजावे.

6. कॅप, रोटर, वायरी, प्लग. केवळ पावसाळ्यात येणारा दोष बहुधा इथे असतो. रात्री आवारातले दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून, कॅप आणि वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. वीज जिथून गळते तिथे निळसर रेषा नाचताना दिसते. त्याआधी कुठेही पेट्रोल गळत नाही याची खात्री करावी आणि हात लांब ठेवावेत. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदलावी, घासून उपयोग नाही. वायरी काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक लावावेत. पद्मिनी, अँबेसेडर आणि हेराल्ड या तिन्हींत ठिणगीचा क्रम 1-3-4-2 आहे, आणि दोन वायरींची अदलाबदल होऊन नवाच दोष निर्माण होणे दुर्मीळ नाही.

## टप्पा 5 : पेट्रोलची बाजू

क्रम टाकीकडून कार्ब्युरेटरकडे ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास वाटेतला कचरा नुकत्याच साफ केलेल्या जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो.

2023 पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल येऊ लागले, आणि या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला थर सोडवते, हवेतील ओलावा शोषते आणि रबरी नळ्या फुगवते किंवा आतून भुसभुशीत करते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी साचण्याचा धोका मोठा असतो. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून ठेवले, तर पाणी असल्यास ते दहा मिनिटांत तळाशी वेगळे दिसते.

पंपाच्या आधीच्या नळीत चीर असेल तर तिथून पेट्रोल सांडत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे ओल दिसत नाही म्हणून नळी चांगली असे म्हणता येत नाही. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, जे30 आर9 शिक्का असलेल्या घ्याव्यात. पंप तपासण्यासाठी इंजिन गार असताना कार्ब्युरेटरची नळी सोडून बाटलीत धरावी, कॉइलची वीज येणारी वायर काढून ठेवावी आणि सहकाऱ्याला स्टार्टर फिरवायला सांगावे. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक भरीव उसळी यायला हवी. उसळ्यांबरोबर बुडबुडे येत असतील तर हवा कुठून तरी शिरते आहे. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. ऑइल बदलेपर्यंत ती गाडी चालवू नये.

सावधानता. ही चाचणी तापलेल्या इंजिनवर कधीही करू नका.

उष्णतेच्या दोषात दोन परस्परविरुद्ध प्रकार असतात. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली तर प्लग कोरडे मिळतात. घट्ट पिळलेले ओले फडके पंपावर आणि नळीवर ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर निदान झाले. पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यावर गार पाणी ओतू नये, ती तडकते. याउलट फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात उतरले असेल तर पेट्रोलचा उग्र वास येतो आणि प्लग ओले निघतात. तेव्हा चोक अजिबात न ओढता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवावा. पहिल्यावर नळी सायलेन्सरपासून दूर नेणे व मध्ये उष्णतारोधक पत्रा बसवणे हा उपाय आहे, तर दुसऱ्यावर कार्ब्युरेटरखालचे जाड पॅकिंग जागेवर आहे का ते पाहणे. अनेक गाड्यांत ते कुठल्याशा दुरुस्तीत काढले जाऊन परत बसवलेलेच नसते.

एवढे सगळे निर्दोष निघाले तरच कार्ब्युरेटर उघडावा, आणि तोही फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्ह आणि जेट एवढ्यांपुरता. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते; हवेचा झोत पुरतो.

## टप्पा 6 : हवेची गळती

आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचे संथ चालणे) अस्थिर आणि वेगात गाडी ठीक असेल तर कार्ब्युरेटरच्या बुडाचे व मॅनिफोल्डचे (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीचे) पॅकिंग पाहावे. सांध्यावर पाण्याचा फवारा मारताच इंजिनचा आवाज बदलला तर तिथे गळती आहे. तापलेल्या मॅनिफोल्डवर यासाठी ज्वालाग्राही स्प्रे वापरू नये.

## टप्पा 7 : खात्री

ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवावी: तोच रस्ता, तोच प्रहर, टाकीत तेवढेच पेट्रोल. उष्णतेचा दोष पहाटेच्या गारव्यात तपासून गेला असे ठरवू नये. वहीत दोन घटनांमधले सर्वात मोठे अंतर दहा दिवसांचे असेल, तर किमान महिनाभर नोंद चालू ठेवावी.

भाग बदलण्याजोगा असेल, उदाहरणार्थ कंडेन्सर किंवा कॉइल, तर दोष गेल्यावर एकदा जुना भाग परत लावून तीच फेरी मारावी. दोष परतला तर निदान पक्के झाले. तो परतला नाही, तर चांगले झाल्याचे कारण दुसरेच आहे. अशा वेळी नवा भाग बाजूला ठेवून, वहीतली शेवटची नोंद घेऊन तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी.